गौतमनं न घातलेला वाद

फोन आला तेव्हा मी ग्रामपंचायतीत नळाच्या तक्रारी ऐकत बसलो होतो. पलीकडचा आवाज गौतमच्या बायकोच्या, रंजना वहिनींच्या भावाचा होता, पण तो मला ओळखू आला नाही. "अविनाशभाऊ, गौतमभाऊ गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं गेला?" तो रडायला लागला तेव्हा कळलं. गौतम सकाळी कॉलेजला निघाला होता. बूट घालायला पायरीवर बसला, तो उठलाच नाही... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. समोरचा माणूस पाणी येत नाही म्हणून तावातावानं सांगतच होता आणि मी मान हलवत होतो. त्याचं काय म्हणणं होतं ते दुसऱ्या दिवशी मला त्याला पुन्हा विचारावं लागलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. गौतम पांढरकवड्याच्या ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि शाळेपासूनचा माझा दोस्त होता. वादाशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी, कुठंही. कोणी म्हणालं की मांजर आडवं गेलं, तर हा त्या मांजराची बाजू घेऊन उभा राहायचा. त्याचं घर बौद्ध, आमचं देवदेव करणारं. माझ्या आईच्या उपासांवरही तो तिच्याशी भांडायचा आणि भांडता भांडता तिची साबुदाण्याची खिचडी संपवायचा. आई म्हणायची, "तोंडानं बोलते अन् तोंडानंच खाते, याले थांबवावं तरी कसं?" अशा या माणसानं एकदा, माझ्या माहितीत एकदाच, समोर आलेला वाद घातला नाही. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिता येईल, पण मला सारखं तेवढंच आठवतं.

मी नुकताच ग्रामसेवक झालो होतो. तीन गावं माझ्याकडे होती आणि तिन्हीकडे मिळून सकाळची एक एसटी. मोटारसायकल घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि आमच्या घरात मोटारसायकलचं नाव काढायची सोय नव्हती. मी बारावीत असताना बाबा मोटारसायकलवरूनच गेले. कापसाचा हंगाम होता, रस्त्याच्या कडेला ट्रॉली उभी होती, तिला मागे दिवा नव्हता. त्यानंतर आईनं सायकलशिवाय दुसरं वाहन अंगणात येऊ दिलं नाही. नोकरी जाईल म्हणून शेवटी ती कबूल झाली, तीही एका अटीवर. रोज सकाळी मी कामावर निघताना ती गाडीला कुंकवाचा टिका लावणार, आणि तो लागल्याशिवाय मी किक मारायची नाही.

यवतमाळहून मी आणि गौतमनं एक जुनी गाडी आणली. आधीच्या मालकानं ती बरी ठेवली होती. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर किल्लीच्या भोकाला एक छोटी झडप असते, ती तेवढी तुटलेली होती. त्याच्याकडे कोण लक्ष देतो? गाडी आधी केळापूरच्या देवीपुढे नेली, मग घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी आई कुंकवाचा करंडा घेऊन अंगणात आली. बाबांनंतर तिनं स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं नव्हतं. तो करंडा देव्हाऱ्यातच असायचा. तिनं कुंकू तेलात कालवलं आणि टाकीच्या चकचकीत झाकणावर बोट टेकवलं. कुंपणापलीकडून शेजारची म्हातारी पाहत होती. ती म्हणाली, "तू कायले लावतं बाई? नव्या वस्तूले सवाशिणीचा हात पाह्यजे." टिका लावून झाल्यावर आई बराच वेळ आपल्या बोटाकडे पाहत राहिली. मला त्या म्हातारीचा इतका राग आला की मी किक जरा जास्तच जोरात मारली.

त्याच दिवशी गाडी रस्त्यात बंद पडली. चांगली चालता चालता आचके दिले आणि थांबली. थोडा वेळ उन्हात उभा राहिलो, पुन्हा किक मारली, सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आईनं संध्याकाळी माझा चेहरा पाहूनच विचारलं, "आजही?" मी हो म्हणालो. ती आत गेली आणि देवापुढे बसली. चारसहा दिवसांनी तिनं विषय काढला. "इकून टाक ही गाडी. लक्षण बरं नाही दिसत मले." आणि मग हळूच, जणू स्वतःशीच, "माहाच हात..." ते वाक्य तिनं पूर्ण केलं नाही, पण ते काय होतं ते मला समजलं.

गौतमला हे सगळं सांगितलं तेव्हा त्यानं बाह्या सावरल्या. म्हणाला, "लक्षणबिक्षण काही नाही. यंत्र हाये, कारण असन. शोधू." रविवारी पाना-पकड घेऊन तो अंगणात बसला. मी गाडी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून द्यायची आणि त्यानं खोलायची, अशी आमची विभागणी. त्यानं प्लग बदलला. कार्बोरेटर उघडून पेट्रोलनं धुतला. मग आम्ही दोघं लांब फेरी मारून आलो, तर गाडी एकदाही अडली नाही. गौतम छाती काढून घरी गेला. सोमवारी मी पुन्हा रस्त्यात उभा. पुढच्या रविवारी त्यानं पेट्रोलची नळी बदलली. रविवारी झकास, सोमवारी बंद. मिस्त्रीनं सांगितलं इंजिन उतरवावं लागेल, तर गौतम त्याच्याशी भांडून आला. त्याचं म्हणणं, कॉइल तापून दगा देते. नवी कॉइल बसवली. रविवारी पुन्हा झकास. शेवटी तो माझ्यावरच घसरला. "गाडीत काही खराबी नाही बे. तुले चालवता येत नाही." आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही.

तिकडे आईनं जेवण कमी केलं होतं. मला यायला जरा उशीर झाला की ती फाटकाशी येऊन उभी राहायची. तरी टिका तिनं सोडला नाही. उलट आता जास्त कुंकू कालवायची, झाकणावर चांगलं दाबून लावायची. एकीकडे हाताची भीती आणि दुसरीकडे टिका चुकायची भीती, अशी ती मधेच अडकली होती. मी ठरवलं, महिनाअखेर गाडी विकायची आणि नोकरीचं काय होईल ते होवो.

तेव्हा गौतमनं रजा टाकली आणि कामाच्या दिवशी माझ्यामागे बसला. आईनं टिका लावला, तो बाजूला उभा राहून पाहत होता. तेव्हा त्याला काही सुचलं नव्हतं. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं लागली, आणि गाडीनं आचके दिले. मी खाली उतरलो. पेट्रोल तरी आहे ना म्हणून गौतमनं झाकण उघडलं, तर आत स्स करून हवा गेली. झाकण तसंच उघडं ठेवून त्यानं किक मारली. गाडी लगेच सुरू झाली. त्यानं झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. त्याच्या बोटांना लाल लागलं होतं. तो रस्त्याच्या कडेला गेला, बाभळीचा एक काटा मोडून आणला आणि झाकणातलं बारीक भोक कोरायला लागला. आतून तेलात आणि धुळीत मुरलेलं, घट्ट झालेलं कुंकू निघालं. टाकीत हवा जायला ते भोक असतं, आणि वरची झडप तुटलेली असल्यानं कुंकू सरळ आत उतरत होतं. हवा आत जात नव्हती म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. रविवारी कामावर जायचं नसल्यानं टिका नसायचा, आणि मी झाकण घासून पुसायचो.

मी हसत सुटलो. म्हटलं, "आता आईले सांगतो. म्हणतो, तुयाच कुंकवानं अडते गाडी." गौतम हसला नाही. काटा हातात धरून म्हणाला, "खबरदार. एक शब्द नाही बोलायचा."

"काहून? खरं तेच सांगतो ना."

"तू भोकाचं सांगशीन. काकूले वाटन, शेजारीण म्हणे तेच खरं. माह्या हातचं कुंकू होतं म्हणून अडली."

माझ्या सख्ख्या आईबद्दल हे मला सुचायला हवं होतं... सुचलं त्याला. विधवांच्या या असल्या रीतींवर तो कॉलेजात आणि गावात कितीदा तरी कडाडला होता. आज त्याच्या हातात पुरावा होता, लाल रंगाचा, काट्याच्या टोकावर. त्यानं तो गवतात पुसून टाकला.

संध्याकाळी तो माझ्याबरोबर घरी आला. आई फाटकाशीच होती. "काकू, सापडलं," तो म्हणाला. "नवी कॉइलच खराब होती. आता नाही बंद पडत." मग गाडीला वळसा घालून पुढे गेला. "अन् एक सांगू का? टिका त्या झाकणावर कायले लावता? माणसाले लावाचा तं कपाळावर लावते ना? हे पाहा गाडीचं कपाळ." त्यानं हेडलाइटवर हात ठेवला.

आईनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. "तू कधीपासून टिका मानाले लागला रे?"

"मी नाही मानत. तुमी मानता तं बरोबर जागी लावा."

गाडी पुन्हा कधी अडली नाही. आईचं जेवण सुधारलं. पुढे एकदा तिनं त्याच म्हातारीला सुनावलं, "रोज माह्या हातचा टिका लागते. पाह्यलं ना, एक दिवस अडली का?" गौतम तिथंच ओसरीवर चहा पीत होता. त्यानं बशीतून मान वर केली नाही. नंतर मी त्याला डिवचलं, की पोरांना विज्ञान शिकवतोस आणि माझ्या आईशी खोटं बोलतोस. तो म्हणाला, "बोललो बे खोटं. मले काही चांगलं नाही वाटलं. पण काकूले पटवाले दोन वर्षं लागतीन, अन् तुले उद्या सकाळी गाडी लागते." पुढे मी ती गाडी विकून दुसरी घेतली, मग तिसरी. आईचा टिका हेडलाइटवर चालू राहिला.

गौतमच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्धांतल्या दिवसकार्याच्या, कार्यक्रमाहून आम्ही परत आलो त्या संध्याकाळी आई म्हणाली, "पोरगा सोन्यासारखा होता, पण देवाधर्माचं काही केलं नाही त्यानं." दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी सोडून दिलं असतं. त्या दिवशी मला सहन झालं नाही. सगळं सांगून टाकलं... झाकण, भोक, काटा, कॉइलचं खोटं. आई ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "मंग त्यानं मले सांगतलं काहून नाही?" मी म्हणालो, "तुले वाईट वाटन म्हणून." ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टिका लावायला बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गौतमनं एवढी वर्षं सांभाळलेलं मी एका रागात सांडून ठेवलं होतं, आणि ते कसं भरावं हे विचारायला गौतम नव्हता.

मागच्या आठवड्यात आईच म्हणाली, रंजनाला भेटून येऊ. गौतमच्या घरी पोचलो तर त्याची मोटारसायकल अंगणात काढलेली. त्याची मुलगी श्रावस्ती आता ती कॉलेजला नेणार होती. गाडी तिला येत होती, बापानंच शिकवली होती, पण एकटीनं न्यायचा तो पहिला दिवस. किल्ली वहिनींच्या मुठीत होती आणि ती त्यांच्याकडून दिली जात नव्हती. पोरगी उभी होती, तिची आई उभी होती. मग वहिनी माझ्या आईकडे वळल्या. या घरात गौतमनं काही लपवून ठेवलेलं नव्हतं, झाकणाची गोष्ट त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती.

"काकू, तुमच्या हातानं टिका लावून द्या गाडीले."

आई दोन पावलं मागे सरली. "माह्या हातानं? अन् तुमच्यात तं हे..."

"आमच्यात नाही लावत. पण आज मले लय भेव लागून राह्यलं काकू. तुमीच लावा."

"मी काही आणलं नाही बाई संग."

वहिनी आत गेल्या आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर टिकली होती, नेहमीसारखी. आईनं पाकिटातली एक तांबडी टिकली सोडवली, हेडलाइटच्या काचेवर वरच्या बाजूला चिकटवली आणि अंगठ्यानं दाबून धरली. बराच वेळ धरली. मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत राहिलो, कारण मला रडू आलं होतं. मग वहिनींनी किल्ली दिली. आई म्हणाली, "जाय बाई, सावकाश जाय," आणि श्रावस्ती गेली.

टिकली अजून तिथंच आहे. परवा मी गेलो तेव्हा श्रावस्ती अंगणात गाडी धूत होती. टाकी धुतली, चाकं धुतली, काच पुसायला घेतली. वरची तेवढी जागा सोडून तिनं बाकीची काच पुसली.