हत्यारांप्रमाणे लावलेली चित्रं

ललिता माझी नात, माझ्या मुलाची, दत्ताची थोरली. अंगानं काडी, पण रोज सकाळी ओटीवर बसून माणसं मारायची. चित्रातली. पीएचडीच्या वाटेवर तिला एक मोठी परीक्षा होती. तीन मास्तर पडद्यावर कुठलंही चित्र नाहीतर मूर्ती दाखवणार आणि हिनं ते कुठलं, कुठल्या शतकातलं, तसंच का घडवलं, ते सांगायचं. नापास झाली की शिक्षण बंद, आणि शिक्षण बंद की लग्न. दत्तानं साफ सांगितलं होतं.

तिनं पुठ्ठ्याच्या नव्वद तुकड्यांवर चित्रं चिकटवली. मी एकेक समोर धरायची, ती धडाधड सांगायची. विषयच तिचा मारामारीच्या मूर्ती आणि चित्रं. घारापुरीचा शंकर राक्षसाला मारतोय, वेरूळचा नरसिंह पोट फाडतोय, परदेशातल्या दोघी बायका दाढीवाल्याला गादीवर दाबून त्याची मान कापतायत. त्यातल्या एकीनं बाही वर सारलीय, कोंबडी सोलताना आम्ही सारतो तशी.

एकदा गठ्ठा सांडला, मी लावून ठेवला. ललिता ओरडली, "आजे, शतकाप्रमाणं होता गं! ह्यो कसा लावलास?"

"मला शतक काय ठावं? हत्यारं बघून लावलाय. आधी त्रिशूळ, मग तलवारी, मग बाण, शेवटी नखं. नखांना धार लावाय लागत नाय."

ती हसत सुटली, पण गठ्ठा तसाच ठेवला.

परीक्षा सोमवारी. आदल्या दिवशी दत्तानं तिला न विचारता खालापूरचे पाहुणे बोलावले, सुपारी फोडायला. पोहे झाले, चहा झाला, मुलगी बाहेर येईना. आतूनच म्हणाली, "मी येनार नाय, बाबा. उद्या परीक्षा हाय." पाहुणे उठले. त्यांची गाडी वळली न वळली तोच दत्तानं कमरेचा पट्टा काढला.

पहिला तडाखा पाठीवर, दुसरा डोळ्यावर. केस धरून तिला अंगणात फरफटत आणलं. सून सुरेखा मध्ये पडली, तिच्या पोटात लाथ. मग चित्रांचा गठ्ठा उचलून पाणी तापवायच्या चुलीत टाकला. ललितानं जाळात हात घातला, एकही चित्र हाती आलं नाही. भाजलेल्या त्या हातावर त्यानं पाय दिला. "लिव्ह आता! लिव्ह!"

पट्टा पुन्हा वर गेला, तेव्हा माझ्या हातात मुसळ होतं. कधी उचललं, ठाऊक नाही. त्याच्या कोपरावर घातलं. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. लहानपणी मीच तेल लावून चोळलेला हात तो.

"आये, मला?" तो खालीच बसला.

"दुसरा हाय की अजून. उचल."

शेजारच्या जगदीशनं त्याला टेंपोत घालून कर्जतला नेलं. सुरेखानं ललिताच्या बोटांना कोरफड लावली. एक डोळा मिटलेला, दुसरा चुलीतल्या राखेवर.

"संपलं, आजे."

"काय संपलं? पहिलं घे. त्रिशूळ. रेड्याच्या मानंवर पाय, आठ हात, बाईचं तोंड शांत."

तिनं तोंड फिरवलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग पुटपुटल्यासारखं शतक आलं, गाव आलं. तलवारी झाल्या, बाण झाले. दिवेलागणीपर्यंत मला एकोणऐंशी आठवली. नखांपाशी आलो तेव्हा ती हमसून रडत होती, पण एकही उत्तर चुकलं नाही.

सोमवारी मास्तरांनी विचारलं, "डोळ्याला काय झालं?" ही म्हणाली, "नंतर सांगते सर. आधी चित्र लावा." त्यांनी मान कापणाऱ्या दोघी लावल्या. हिनं त्या बाहीपासून सुरुवात केली आणि पाऊण तास बोलली.

पास झाली. तिकडंच राहायचं ठरवून कपडे न्यायला आली, मला मिठी मारली, ओटीवर बसलेल्या बापाकडं न बघता गेली.

दत्ताचा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. जेवण मीच भरवते. घास घेताना तो कोपऱ्यातल्या मुसळाकडं बघतो. मीही ते तिथून हलवलेलं नाही.