एका रेघेसाठी

त्या दिवशी उजाडायच्या आधीच मी उठून बसले. कसली झोप येणार! डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तीन आठवडे झाले की घरीच गरोदरपणाची पट्टी बघा. एकच रेघ आली की सुटलात, दोन आल्या तर परत या, परत टेबलावर घ्यावं लागेल. जगातल्या बायका दोन रेघांसाठी नवस बोलतात आणि मी बया एका रेघेसाठी जीव टांगून बसलेली!

झालं होतं ते आमच्या मोजण्यापायी. तिसऱ्या महिन्यात मूल गेलं. मग पाच दिवस अंगावर जायचं, दोन दिवस बंद, परत सुरू. आमच्याकडे विटाळ अजून पाळतात. मालवणच्या बाजारात मासे विकून सासूबाई घरी आल्या आणि मी पडवीत दिसले की म्हणायच्या, "परत बाहेरची झालंस गो? बस बाय, चार दिवस आराम तरी गावतलो." पाचव्या दिवशी डोक्यावरून आंघोळ, की चुलीपाशी. दोन दिवसांत परत पडवी. दर खेपेला नवी पाळीच धरायची, त्यामुळे दोन महिने कुणाला संशयच आला नाही. मलाही नाही, आणि म्हणे मी पदवीधर!

एक दिवस बांगडे साफ करताना डोळ्यांपुढे अंधारी आली. नवऱ्याने होडी तशीच किनाऱ्यावर टाकली आणि मला कुडाळला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी कधी आली होती?" मी म्हटलं, "कुठली सांगू? गेल्या दोन महिन्यांत आठ आल्या." त्यांनी पेनच खाली ठेवलं. "अहो, या आठ पाळ्या नव्हेत. हे एकच रक्त आहे, थांबलेलंच नाही." गर्भाचा थोडा भाग आत राहून गेला होता, तो त्यांनी काढला. सगळा निघाला की नाही, हे तीन आठवड्यांनी पट्टीवर कळणार होतं.

मला असा संताप आला म्हणता! घरी पाऊल टाकलं आणि ओरडलेच, "आये, ती पाळी नाय होती! माझो जीव जाय होतो!" सासूबाईंनी पडवीतली माझी चटई स्वतः गुंडाळून माळ्यावर टाकली.

आणि आता हा दिवस. मी न्हाणीत, बाहेर सासूबाईंची घाई, "एक काय दोन? सांग मगे!" पट्टी खिडकीशी धरली, उलटी केली, सुलटी केली. दुसऱ्या रेघेची सावलीसुद्धा नाही.

"एकच! आये, एकच!"

मी धावत बाहेर आले आणि त्यांना मिठी मारली. आम्ही दोघी मागच्या अंगणात अक्षरशः उड्या मारत होतो. त्यांचं बाजाराचं लुगडं, कमरेला खोचलेला पदर, कशाचं भान नाही. सुटले, सुटले, एवढंच मी म्हणत होते.

कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिला माझ्या हातातली पट्टी दिसली. तिचा चेहरा असा खुलला! "अगो बाय माझ्या! पेढे खंय?"

सासूबाईंच्या उड्या तिथेच थांबल्या. मी पट्टीकडे पाहिलं. गेलेल्या मुलाचं माझ्यात आता काहीच उरलं नव्हतं, आणि मी त्यावर नाचत होते.

मी मटकन खालीच बसले. सासूबाईही बसल्या. त्या दिवशी त्यांनी बाजार बुडवला. मूल गेल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदाच त्याच्यासाठी रडलो.