गोदाबाईंचा देवाशी अबोला

राजपुऱ्यातल्या गोदाबाईंनी छप्पन सालच्या चातुर्मासात जो नेम धरला, तो ऐकून शेजारची कोकिळा हातात चाळणी घेऊन तशीच उभी राहिली. बायका चार महिने कांदा सोडतात, वांगं सोडतात, जेवताना मौन धरतात. गोदाबाईंनी देवाशी बोलणं सोडलं.

"अवो वहिनी, मग भांडणार कोणाशी तुम्ही?" कोकिळा म्हणाली.

कारण गुडघे. अकरा वर्षं दुखत होते. हकीमजींचा लेप झाला, मोहाचं तेल झालं, डॉक्टरच्या पांढऱ्या गोळ्या झाल्या. देव्हाऱ्यातल्या पितळी बाळकृष्णाला रोजचं विनवणं तर होतंच. शेवटी त्यांचा धीर सुटला. जो स्वतः जन्मभर गुडघ्यांवर रांगतोय, त्याला दुसऱ्याचे गुडघे कळू नयेत, याचा त्यांना राग होता.

पूजा मात्र एक दिवस चुकली नाही. नेमात काय सोडलंय आणि काय नाही, याबाबत त्या काटेकोर होत्या. स्टुलावर बसून स्नान, गंध, लोणी, सगळं व्हायचं, तोंड मिटून. सांगायचंच झालं तर मध्ये नवरा. अनंतराव तहसील कचेरीत कारकून. "सांगा त्याला, आज लोणी नाही, साय आहे," असं बाईंनी म्हटलं की ते देव्हाऱ्याकडे वळून, कचेरीतला हुकूम वाचावा तसं सांगायचे. एकदा त्यांनी देवाचं उत्तरही आलंय असं म्हणून पाहिलं. दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं.

पण दिवाळीपर्यंत गोदाबाईंना एक गोष्ट उमगली, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. दुखणं होतं तेवढंच होतं, ऐकणारा मात्र गेला होता. गुडघा म्हणताच कोकिळेच्या घरात दूध उतू जायचं. अनंतराव हं म्हणायचे, पण पेपराच्या आडून. तेच ते गाऱ्हाणं अकरा वर्षं न कंटाळता ऐकणारा एकच होता.

त्यातच राज्यांच्या फेररचनेत नवा प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि भाऊबीज होताच अनंतरावांना दप्तरं लावायला पाच दिवस खंडव्याला धाडलं. नेम सुटायला अजून आठवडा होता.

दोन दिवस निभावले. तिसऱ्या सकाळी गारठा पडला आणि गुडघे असे धरले की पूजेनंतर स्टुलावरून उठवेना. बोलावं तर नेम मोडतो, न बोलावं तर जीव गुदमरतो. शेवटी गोदाबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "बोलत नाहीये. नुसतं सांगतेय."

मग जे सांगणं सुरू झालं ते चार महिन्यांचं होतं. डावा गुडघा, उजवा गुडघा, जिना, शेजार, नवरा. मागितलं मात्र काहीच नाही. सांगून झाल्यावर त्या भिंतीला धरून उठल्या. गुडघे दुखतच होते. चहा त्यांनी बऱ्याच दिवसांनी चवीनं प्याला.

अनंतराव परतले ते नेमके पूजेच्या वेळी. आत डाव्या गुडघ्याचा वृत्तान्त चालला होता. बायकोचा नेम मोडतोय या काळजीनं ते दारातूनच म्हणाले, "अगं, थांब, मी सांगतो त्याला."

गोदाबाईंनी मान न वळवता हात वर केला. "तुम्ही हातपाय धुऊन घ्या. आमचं चाललंय."