हो म्हटल्यावर कुंदा थांबायची

कुंदा गेल्याचा निरोप घेऊन, रात्री दवाखान्यात तिच्याजवळ थांबलेली तिच्या ऑफिसातली बाई शिरगावला आमच्या घरी आली. "भाभी, दीदी सकाळीच गेली," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली. कुंदा माझी धाकटी नणंद. तिला जाऊन आता दीड महिना झाला. मी चौथीपर्यंत शिकलेली. हे माझ्यापुरतंच लिहिते आहे.

ती समाजकार्याच्या पदवीला गेली तेव्हा मला फार कुतूहल वाटायचं. गणिताची परीक्षा कळते, पण लोकांशी बोलण्याची परीक्षा कशी घेत असतील? माझे सासरे, आप्पा, तेव्हा अंबरनाथला कारखान्यात होते. म्हणायचे, "लोकांच्या घरात डोकवायला कॉलेज कशाला? आपल्या चाळीतल्या बायका बिनपदवीच्याच डोकावतात." कुंदाही कमी नव्हती. "त्या डोकावतात आप्पा, पण लिहून ठेवत नाहीत." तरी शेवटच्या वर्षी त्यांनी बजावलं, नापास झालीस तर कॉलेज बंद, आणि येईल त्या स्थळाला होकार द्यायचा. धास्ती खरीच होती. आदिवासी वाडीवर जाऊन केलेल्या कामाची तिची वही कॉलेजातल्या मॅडमनी दोनदा वरवरची म्हणून परत केली होती.

ती वाडी बारवी धरणाच्या बाजूला, डोंगरात. एकट्या मुलीनं जायचं नाही म्हणून सोबतीला मी. कुंदा कागद घेऊन दारोदार विचारायची, "पाणी उकळून पिता का?" "हां बाय." "आजारी माणसाला दवाखान्यात नेता का?" "हां बाय." प्रत्येक घरात तेच. कुंदा खुशीत भराभर खुणा करत होती. मी आपली चुलीकडे बघत होते. घरात पातेलं एकच, त्यात भात. पाणी आणलं की हंड्यातून सरळ तांब्यात... उकळणार कशात?

परतताना मी घाबरतच सांगितलं, "अगं, तू एवढ्या उन्हातून गेलीस. तुला नाही कसं म्हणतील?"

"तुला काय माहीत, वहिनी?"

"मी नाही का... लग्न होऊन आले तेव्हा सगळे विचारायचे, करमतं का? मी हो म्हणायचे."

ती रस्त्यातच थांबली. "आणि?"

"वर्षभर नाही करमलं."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझं हो ऐकून जो तो आपल्या कामाला लागायचा.

वही दोन दिवसांत द्यायची होती. कुंदानं सगळ्या खुणा खोडल्या आणि लिहिलं, ही उत्तरं खरी नाहीत, विचारण्यात माझीच चूक झाली. "यावर नापास करतील बघ," म्हणाली. मग म्हणाली, "तुझं नाव लिहू?" मी हो म्हटलं. ती पेन धरून नुसती माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ! शेवटी मी म्हटलं, "नको. नाव नको." ती इतकी हसली... सासरी मी तोंडानं म्हटलेलं ते पहिलं नको.

मॅडमनी नापास केलं नाही, पुन्हा वाडीवर धाडलं. या वेळी कागद घरी ठेवून आम्ही बायकांबरोबर पाणी भरलं. पाण्याच्या तिसऱ्या खेपेला एकजण आपणहून म्हणाली, "पानी उकळायचं तर दुसरी मोळी कोन आनील, बाय?" कुंदानं तेवढंच लिहून नेलं. ती पास झाली. "घ्या, डोकावण्याचे पेढे," म्हणत आप्पांनी चाळभर वाटले.

शेवटच्या आजारात कुळगावच्या दवाखान्यात मी तिला विचारलं, "बरं वाटतंय ना?" "हो," म्हणाली. मी स्टूल ओढून बसले, काही बोलले नाही. ती हसली. "माझीच विद्या माझ्यावर?" मग तिनं माझा हात धरला. "भीती वाटते गं, वहिनी." त्या दुपारी आम्ही खूप बोललो...

ती गेल्यापासून आप्पांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. परवा मी विचारलं, "पोटभर जेवलात ना?" "हो," म्हणाले. मी ताट उचललं नाही. तिथंच बसून राहिले. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "कुंदा लहान होती तेव्हा..."