गोठलेल्या तळ्यासाठी जीपीएस

“पण तो थंड असताना चालू होतो का?” फोनवरच्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“हो मॅडम, उणे वीस सेल्सिअसपर्यंत टेस्ट केलेला आहे,” मीही तिसऱ्यांदा सांगितलं.

“ते कळलं मला. माझा प्रश्न वेगळा आहे. सकाळी सहापासून तो हॅरल्डच्या कोटाच्या खिशात पडून असणार. बंद. दुपारी वारा सुटला आणि याने बटण दाबलं, तर तो चालू होतो का?”

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि ते माहीत असणं हीच माझी नोकरी होती.

२००५ संपत आलं होतं. मी शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका कंपनीत टेस्ट इंजिनियर होते. आम्ही हातात धरायचे जीपीएस बनवत होतो. फोनमध्ये नकाशे येण्याआधीचे ते दिवस. शिकारी, मच्छीमार, डोंगर चढणारे लोक हे आमचं गिऱ्हाईक. कस्टमर सपोर्टला एखादा अवघड प्रश्न आला की ते फोन आमच्याकडे ढकलायचे. तसा हा आयरीनबाईंचा फोन माझ्याकडे आला होता.

आयरीन आणि हॅरल्ड राहायचे विस्कॉन्सिनच्या उत्तरेला. हॅरल्ड त्र्याहत्तर वर्षांचे, रिटायर्ड पोस्टमन. दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर चालत जायचं, बर्फाला भोक पाडायचं आणि त्यात गळ सोडून बसायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. आदल्या हिवाळ्यात ते त्याच तळ्यावर वाट चुकले. वाऱ्याने बर्फ उडायला लागला, काही दिसेना, आणि ते तीन तास चालत राहिले. दुसऱ्या कोणीतरी शोधून गाडीने आणलं तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मेली होती.

“यंत्र घेतल्याशिवाय बर्फावर पाय ठेवायचा नाही, असं सांगितलंय मी त्याला,” आयरीन म्हणाल्या. “तुमच्या वेबसाइटवर दोन मॉडेल आहेत. एक नवीन, एक जुनं. कुठलं घेऊ एवढंच सांग.”

“मला दोन दिवस द्या,” मी म्हटलं.

आता ही दोन मॉडेल काय होती ते सांगते. जुनं मॉडेल म्हणजे जाडजूड ठोकळा. काळा-पांढरा स्क्रीन, बाजूला मोठी रबरी बटणं, आत दोन साधे पेन्सिल सेल. ते येत्या मार्चमध्ये बंद करायचं ठरलं होतं. नवीन मॉडेल देखणं होतं. रंगीत टचस्क्रीन, आतच बसवलेली चार्ज होणारी बॅटरी, तळ्यांच्या खोलीचे नकाशे. त्याच्या खोक्यावर मासे, तंबू आणि बर्फाचं चित्र होतं. आईस फिशिंगसाठी उत्तम, असं मार्केटिंगवाल्यांनी छापून घेतलं होतं. त्या दाव्याच्या टेस्ट रिपोर्टवर माझी सही व्हायची होती.

टेस्टची पद्धत मीच लिहिली होती. आमच्याकडे एक मोठं कपाट होतं, त्याला आम्ही चेंबर म्हणायचो. युनिट चालू करायचं, चेंबरमध्ये ठेवायचं, हळूहळू उणे वीसपर्यंत न्यायचं आणि चार तास चालतं का बघायचं. दोन्ही मॉडेल पास झाली होती. पण चालू युनिट स्वतःच्या उष्णतेने आतून थोडं उबदार राहतं. बंद युनिट आधी पूर्ण गारठवायचं आणि मग चालू करायचं, हे मला सुचलंच नव्हतं. मी नागपूरची. कडक उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेल्या वस्तूचं काय होतं हे मला कोणी शिकवावं लागलं नसतं. बर्फात खिशात ठेवलेल्या वस्तूचा अनुभव माझ्या गाठीला नव्हता.

त्या संध्याकाळी मी दोन्ही मॉडेलची प्रत्येकी पाच युनिट बंद करून चेंबरमध्ये ठेवली. सकाळी आल्यावर, सासऱ्यांनी भारतातून येताना सोबत आणलेले लोकरी हातमोजे घातले आणि एकेक चालू करायला लागले.

नवीन पाचांपैकी तीन चालू झाली, कंपनीचं चिन्ह दाखवलं आणि बंद पडली. गारठलेली बॅटरी एकदम लागणारा करंट देऊ शकत नाही. स्क्रीनचा दिवा पेटला की ती मान टाकते. उरलेली दोन चालू राहिली, पण मोजे घातलेल्या बोटाखाली स्क्रीनवरची चार चित्रं एकदम दाबली जायची. जुनी पाचही चालू झाली. साध्या सेलवर वीसेक मिनिटांत धापा टाकायला लागली. मग मी लिथियमचे पेन्सिल सेल घातले, ते थंडीत टिकतात. त्यावर ती तासन् तास चालली. स्क्रीनवरची अक्षरं मात्र सावकाश उमटत होती.

मी ग्रेगकडे गेले. ग्रेग माझा मॅनेजर. सरळ माणूस, पण वरून आणि खालून दोन्हीकडून दाबलेला.

“पाच युनिट म्हणजे काही फार नाही,” तो म्हणाला.

“मी पन्नास करते.”

“खोके छापून झालेत, वैदेही. आणि ही टेस्ट आपल्या प्रोसीजरमध्ये नाहीच.”

“प्रोसीजर मीच लिहिली आहे. ती चुकली.”

त्याने पेन खाली ठेवलं. “बर्फावर प्रत्यक्ष कोणी नेऊन बघितलंय का? तुझं चेंबर मला माहीत आहे. बर्फाचं सांग.”

तो हे टाळण्यासाठी म्हणाला होता हे मला नंतर कळलं. मी ते शब्दशः घेतलं.

घरी नवऱ्याला, मिलिंदला सांगितलं तेव्हा तो पोळी हातात धरून बघतच राहिला. “यार, आपलं ग्रीन कार्ड यांच्या हातात आहे. सही करून मोकळी हो ना.”

“आणि ते म्हातारे गृहस्थ?”

“त्यांना सांग ना जुनं घ्या म्हणून. फोनवर. प्रश्न सुटला.”

“त्यांना सांगेन. बाकीच्यांना खोका सांगणार.”

जेवण झाल्यावर उठून त्याने विस्कॉन्सिनचा नकाशा काढला आणि विचारलं, “साडेपाच तास दिसतोय ड्राइव्ह. शुक्रवारी हाफ डे टाकू का?”

तळ्याचं नाव मी सांगत नाही. तिथल्या लोकांना ते आवडत नाही. आयरीनना फोन करून ठरवलं होतं; शनिवारी सकाळी आम्ही त्यांच्याकडे पोचलो तेव्हा बाहेर उणे अठरा होतं. आयरीन ठेंगण्या, चटपटीत. त्यांनी माझ्या पायातले बूट बघितले, आत गेल्या आणि स्वतःचे बूट आणून दिले. मिलिंद त्यांच्या स्वयंपाकघरात बसला तो उठलाच नाही.

हॅरल्ड उंच, वाकलेले, कमी बोलणारे. मला बघून त्यांना आनंद झाला नव्हता. चाळीस वर्षं ज्या माणसाने त्या भागातल्या प्रत्येक दारात पत्रं टाकली, त्याला वाट दाखवायला शिकागोकडून कोणी पोरगी येते, हे त्यांना लागलं होतं. ते मला समजत होतं.

त्यांचा ट्रक तळ्याच्या काठावर लावला. मी दोन्ही युनिट त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “आधी ट्रकची जागा साठवून ठेवा. मासे मिळायची जागा नाही, ट्रकची.” जीपीएसमध्ये साठवलेल्या जागेला वेपॉइंट म्हणतात. बरेच लोक मासळीचा वेपॉइंट जपून ठेवतात आणि परत कुठे यायचं तेच नोंदवत नाहीत. जुन्या युनिटवर हॅरल्डनी मोठं बटण दाबून धरलं, झालं. नव्यावर त्यांचं मेलेलं बोट तीनदा चुकलं. शेवटी मी करून दिलं. मग दोन्ही युनिट बंद करून त्यांनी कोटाच्या बाहेरच्या खिशात टाकली.

आम्ही पाऊण मैल आत गेलो. ते पुढे, हातात लोखंडी पहार. दर काही पावलांवर बर्फावर ठोकत, आवाज ऐकत. मागे सामानाची प्लॅस्टिकची सपाट घसरगाडी ओढत. पूर्वेला एक ओढा तळ्याला मिळतो, तिथे बर्फ पातळ असतो, त्या बाजूला कधी जायचं नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. मग मोठ्या गिरमिटाने भोक पाडलं, बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि मला दुसरी बादली दिली. तीन तासांत दोन मासे मिळाले. बोलणं साधारण तेवढंच झालं.

दोनच्या सुमारास वारा फिरला. आधी समोरचा काठ दिसेनासा झाला. मग दुसरे मच्छीमार. मग बर्फ आडवा उडायला लागला आणि मला माझ्या बादलीपलीकडचं दिसेना. आमच्यावर छप्पर नव्हतं. माझ्या पायांची बोटं केव्हाच बधिर झाली होती.

“निघू या,” हॅरल्ड म्हणाले आणि नवीन युनिट काढून चालू केलं. रंगीत चिन्ह आलं. बंद. पुन्हा दाबलं. पुन्हा बंद. त्यांनी ते माझ्याकडे दिलं, चेहऱ्यावर काही न दाखवता.

जुनं चालू झालं. उपग्रह शोधायला त्याने दोन मिनिटं घेतली. तेवढी लांब दोन मिनिटं मी दुसरी काढलेली नाहीत. मग अंतर आलं: ०.७४ मैल. आणि बाण आला. बाण उजवीकडे गेला, मग मागे, मग पुन्हा उजवीकडे.

“यालाही माहीत नाही,” हॅरल्ड म्हणाले.

“आपण उभे आहोत म्हणून,” मी वाऱ्यात ओरडून सांगितलं. “तुम्ही कुठे आहात हे त्याला कळतं. तुमचं तोंड कुठे आहे हे कळत नाही. चालायला लागलो की कळेल.”

“ट्रक तिकडे आहे.” त्यांनी डावीकडे हात केला. “वारा उजव्या गालावर हवा. चाळीस वर्षं चालतोय मी इथे.”

खरं सांगायचं तर मलाही ट्रक तिकडेच वाटत होता. मी हे यंत्र पार्किंग लॉटमध्ये शेकडो वेळा चालवलं होतं, पण तिथे ट्रक दिसत असतो. आणि डावी बाजू म्हणजे पूर्व असली, तर तिकडे ओढा होता. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. ते एकटेच निघाले असते, आणि मग आम्ही दोघंही चुकलो असतो.

“पन्नास पावलं,” मी म्हटलं. “तुमच्या दिशेने. पहार ठोकत, मोजून. आकडा कमी झाला तर तुमचं खरं. वाढला तर याचं ऐकायचं. कबूल?”

चुकामूक होऊ नये म्हणून त्यांनी घसरगाडीची दोरी माझ्या मनगटाला बांधली आणि निघाले. मी मोठ्याने मोजत होते. बाण हळूहळू स्थिरावला. तो आमच्या पाठीमागे दाखवत होता. पन्नासाव्या पावलाला मी युनिट त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

०.७६.

त्यांनी वाकून आकडा वाचला. पापण्यांवर बर्फ जमला होता. मग ते मागे वळले.

परतीच्या वाटेवर मी आकडे वाचत गेले आणि ते पहार ठोकत गेले. ०.५० ला त्यांनी पहिल्यांदा मान हलवली. ०.२० ला ते म्हणाले, “गेल्या वर्षी मी थांबलोच नाही. इतकी खात्री होती मला.” एवढंच. ट्रक दिसला तेव्हा आम्ही त्याच्यापासून वीस फुटांवर होतो.

घरी आयरीन खिडकीशी उभ्या होत्या. मिलिंद त्यांच्या शेजारी, हातात कॉफीचा रिकामा मग. हॅरल्डनी टोपी काढली, जुना ठोकळा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हा.” आयरीननी त्यांचा कोट काढायला मदत केली.

सोमवारी मी रिपोर्ट ग्रेगच्या टेबलावर ठेवला. त्यात बर्फावरचा प्रसंग अर्ध्या पानात होता आणि पन्नास युनिटचे आकडे तीन पानांत.

“सही नाही?” त्याने विचारलं.

“नवीनवर नाही.”

“हे वर घेऊन गेलो तर मला काय ऐकावं लागेल, कल्पना आहे?”

“थोडीफार.”

त्याने एक नवीन युनिट उचललं, खिशात टाकलं आणि गेला. त्याने ते घरच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या क्यूबिकलशी येऊन, स्कीइंगचे जाड मोजे घालून, माझ्यासमोर चारदा चालू करायचा प्रयत्न केला. मग मोजे काढले आणि म्हणाला, “माझे वडील अजून शिकारीला जातात.” त्यानंतर तो वर गेला आणि दोन तासांनी लाल कान घेऊन खाली आला.

खोक्यांवरच्या त्या ओळीवर स्टिकर चिकटवले गेले. जुनं मॉडेल आणखी दोन हिवाळे चाललं, सोबत लिथियम सेल वापरण्याची सूचना देऊन. टेस्ट प्रोसीजर मी पुन्हा लिहिली. त्या वर्षी माझं प्रमोशन झालं नाही. ग्रीन कार्ड आपल्या गतीने आलं.

पुढच्या डिसेंबरात आयरीनचा फोन आला. हॅरल्ड ठीक होते, बर्फावर जात होते, आणि आता तळ्यावरच्या निम्म्या म्हाताऱ्यांनी तोच ठोकळा घेतला होता. हॅरल्ड त्यांना शिकवायचे. प्रत्येकाला आधी ट्रक नोंदवायला लावायचे आणि मग स्वच्छ उन्हात, डोळ्यांवर टोपी ओढून, पन्नास पावलं भलत्याच दिशेने चालवायचे. आकडा वाढताना बघितल्याशिवाय माणूस यंत्राचं ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या सगळ्या नोकरीत युजरला शिकवायची याहून चांगली पद्धत मी पाहिलेली नाही. मी ती आमच्या मॅन्युअलमध्ये घातली होती. लीगल डिपार्टमेंटने काढून टाकली.