पाचटाखालची ओल

जानू गेल्याचं मला खोडाळ्याच्या बाजारात कळलं. मी मिरच्या निवडत होतो. पाड्यावरचा एक जण जीपमधून उतरला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचा जानू गेला. दुपारी बसल्या जागी..." तुमचा म्हणाला, आणि खरंच होतं ते. बायको आधीच गेलेली, मुलगा वीटभट्टीवर. जानू उरला होता तो माझ्याच वाट्याला.

दिवाळी सरली की आमचा पाडा भट्ट्यांवर जातो. दारांना कड्या लागतात. मागे राहायचो आम्ही दोघं, मी निवृत्त मास्तर म्हणून आणि तो उसासाठी. बायको भट्टीवरच तापानं गेली, तेव्हापासून तिकडे पाय ठेवायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं. म्हणून ओहोळाकाठच्या वाळूसर तुकड्यात त्यानं ऊस लावला. तुळशीच्या लग्नाला मोळ्या बाजारात न्यायच्या, उरलेला होळीपर्यंत विकायचा. ऊस साधला तर जानू इथे राहणार होता, आणि तो राहिला तरच मला संध्याकाळी बोलायला माणूस.

पण गड्यानं उसाला नागलीची, म्हणजे नाचणीची, रीत लावली. आम्ही रोप टाकण्याआधी पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतो, त्याला राब म्हणतात. जानूही ऊस तोडला की बुडखे उपटायचा, पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवायचा आणि लख्ख झालेल्या रानात नव्या कांड्या पुरायचा. मीही बांधावर उभा राहून वाहवा करायचो! पहिला ऊस काळाभोर आला. पुढे प्रत्येक लागणीला तो बारीक आणि पिवळा होत गेला. वाळूत राख थांबणार कशी? पाऊस आला की ती ओहोळात. एका वर्षी बोटाएवढा ऊस हातात धरून तो म्हणाला, "गुरुजी, औंदा भट्टीवर जावा लागंल."

त्या वर्षी तोडणीनंतर अर्धं रान जाळून झालं आणि त्याला ताप भरला. बरा होऊन रानात गेला तेव्हा जाळलेल्या बाजूची वाळू पायाला चटके देत होती. न जाळलेल्या बाजूला जुने बुडखे फुटले होते. त्यानं पाचटाखाली हात घातला आणि ओरडला, "ये गुरुजी, हात घाल! ओली हाय!"

त्यानंतर त्यानं काडी लावली नाही. जुने बुडखेच फुटू द्यायचा, ते थकले की पाचट बाजूला सारून कुजलेल्या पट्ट्यातच नव्या कांड्या पुरायचा. लोक चिडवायचे, "जानू, हा रान का उकिरडा?" तो नुसता हसायचा. हळूहळू वाळू काळसर झाली, ऊस मनगटाएवढा झाला, आणि भट्टीचा विषय परत निघाला नाही. संध्याकाळी त्याची हाक यायची, मी जायचो, दोघं पाचटात हात घालून बसायचो... दोन म्हातारे, काही काम नसलेले.

दिवसकार्याला मुलगा आला होता. परत जायच्या सकाळी काडेपेटी घेऊन निघाला. "रान साफ करून जातो गुरुजी. बापाला साफ रान आवडायचा." बिचारा कित्येक वर्षांनी पाड्यावर आलेला, त्याला ठाऊक होता तो जुना जानू. मी त्याचा हात धरला, "राहू दे बाबा." त्यानं काडेपेटी माझ्या हातात दिली आणि जीप गाठली.

आता पाड्यावर मी एकटा आहे, आणि हे एकटेपण मला सोसत नाही. काल संध्याकाळी रानात गेलो. पाचटाखाली हात घातला. खाली ओल होती, बुडख्याला कोंब लागला होता. "ये जानू, हात घाल," मी मोठ्यानं म्हणालो. मग शेजारी त्याच्यापुरती जागा सोडून, अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिलो.