धक्क्यावर राहिलेली माणसं

माझी आई, लाउ सुइहान (लाउ हे आडनाव), मूळची न्यू गिनीतल्या रबौल बंदराची. तेव्हा तिथे ऑस्ट्रेलियाचं राज्य होतं. तिचे वडील शिंपी होते. साहेबांचे पांढरे सूट आणि मडमांचे झगे शिवून चिनी वस्तीत त्यांनी नाव कमावलं होतं.

जपानी येणार अशी बातमी आली तेव्हा आई आठ वर्षांची होती. बायकामुलांना न्यायला जहाज लागलं. आजोबा आजीला, आईला आणि तान्ह्या मामाला घेऊन धक्क्यावर गेले. अधिकाऱ्यानं हात आडवा केला.

"फक्त गोऱ्यांसाठी."

"साहेब, तुमच्या अंगातला सदरा माझ्याच हातचा आहे."

"झकास शिवलाय. आता बाजूला हो."

तेवढ्यात मिसेस हॅलोरननी हाक मारली. त्या आजोबांचं जुनं गिऱ्हाईक. आजीला वाटलं, बाई आता आपल्यासाठी शब्द टाकणार. बाईंनी कुत्र्याची साखळी आजोबांच्या हातात दिली. "लाउ, मटण शिजवूनच घाल हं. कच्चं बाधतं त्याला."

जहाज गेलं. महिन्याभरात जपानी आले. कुत्र्याला एका शिपायानं गोळी घातली. आजोबांना माल उतरवायला जुंपलं आणि पुढे एक दिवस, शत्रूच्या विमानांना खुणा करतो असा आळ घेऊन नेलं. ते परत आले नाहीत. उरलेल्या वस्तीला डोंगराआड एका दरीत हाकललं. तिथे रताळी लावून माणसं जगली. मामाला हिवताप झाला. औषध नव्हतंच. आजीनं त्याला रताळ्यांच्या वाफ्यापलीकडे स्वतःच पुरलं.

युद्ध संपल्यावर मिसेस हॅलोरन परतल्या. दरीतून आलेल्या आजीला बाजारात गाठून म्हणाल्या, "अगं, माझ्या टॉबीचं काय झालं?"

"मेला," आजी म्हणाली.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांचं त्यांनी विचारलंच नाही.

"तू तिला सांगितलं का नाहीस?" आईनं घरी विचारलं.

"कुत्र्यासाठी रडून झालं होतं तिचं. त्यातलं उरलंसुरलं मला नको होतं."

पुढे कायदा बदलला, आम्हालाही ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व मिळालं आणि सगळे ब्रिस्बेनला आलो. आजी सदऱ्यांच्या कारखान्यात राबली आणि इथेच गेली. आईला एकदा रबौलला जाऊन मामाची जागा बघायची होती. तिकिटं काढायचं चाललं होतं, तेवढ्यात ज्वालामुखी फुटला आणि गाव राखेत गेलं. लोक म्हणाले, दरी शाबूत असेल, जाऊन तर या.

आई गेली नाही. "कुणाला विचारू? ओळखीचं कोण उरलंय तिथं?" एवढंच म्हणाली.